जुनी गाडी गरम होते तेव्हा : मारुती ८०० आणि पद्मिनीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल उजाडला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो : “गाडी गरम होतेय, काय बदलू?” विचारणाऱ्याने बहुतेक वेळा तोवर रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आणि वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदललेली असते, आणि गाडी तरीही गरम होतच असते. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. उदाहरणं मुख्यतः कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ची आणि कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीची आहेत, कारण माझे हात याच दोन गाड्यांवर काळे झाले आहेत. ओम्नी, जुनी झेन, ॲम्बेसेडर यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. काहीही बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा, एवढाच माझा आग्रह आहे.

१. घाटात काटा लाल पट्ट्याकडे चाललाय. त्या क्षणी काय करू?

काटा नुसता चढतोय, वाफ नाही, अशी स्थिती असेल तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर टाकून ब्लोअर सोडा. मे महिन्यात हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो आणि तेवढ्यावर घाटमाथा गाठता येतो.

काटा लाल पट्ट्यात शिरला किंवा वाफ दिसली, तर मात्र गाडी लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. “पाच किलोमीटरवर गॅरेज आहे, तेवढं जाऊ” हा विचार मनातसुद्धा आणू नका. मी पाहिलेल्या बहुतेक वाकलेल्या हेडांची (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) कहाणी त्या शेवटच्या पाच किलोमीटरचीच आहे.

रेडिएटरचं टोपण उघडू नका. बंद दाबाखाली आतलं साधं पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. टोपण फिरवताच दाब जातो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट चेहऱ्यावर येते. पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा होज पाईप (रबरी नळी) हातात धरवेल इतका गार झाला, की जाड ओलं फडकं टाकून टोपण सावकाश सैल करा. पाणीही हळूहळूच घाला. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी एकदम गेलं तर ते तडकू शकतं.

२. काटा कुठवर जाणं नॉर्मल समजायचं?

याचा एकच आकडा सांगता येत नाही. प्रत्येक गाडीचा काटा आपली एक जागा धरून असतो : कुणाचा तिसऱ्या भागात, कुणाचा अर्ध्याच्या जरा वर. ती जागा गाडी चांगली असतानाच लक्षात ठेवा. पंधरा वर्षं एका ठिकाणी राहिलेला काटा आता दोन रेघा वर राहू लागला असेल, तर तो लाल पट्ट्यापासून लांब असला तरी काहीतरी बदललंय.

लांबच्या प्रवासानंतर गाडी बंद केली आणि पाच मिनिटांनी चावी फिरवली तर काटा चढलेला दिसतो. त्याने घाबरू नका. वॉटर बॉडी थांबलेली असते, हेडची उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते. इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात काटा जागेवर आला तर दोष नाही.

३. दोष कुठे आहे हे ओळखायला सुरुवात कुठून करू?

गाडी *कधी* गरम होते, इथून. हातात पाना घेण्याआधी आठवडाभर एवढंच टिपून ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा उतरतो, तर हवा कमी पडतेय. पंखा, त्याची वायर, त्याचा स्विच, पद्मिनीत बेल्ट (प्रश्न ४ आणि ५).

शहरात छान चालते, पण हायवेवर ऐंशीच्या पुढे किंवा खंबाटकीच्या चढावर काटा चढतो, तर पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटरला तेवढी उष्णता टाकता येत नाही. वेगात पंख्याची गरज नसते, समोरून वारा असतोच. इथे पंखा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात (प्रश्न ६).

सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा सरळ वर, आणि तेव्हाही रेडिएटरचा खालचा पाईप गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी (प्रश्न ८).

केव्हाही, कशीही गरम होते आणि पाणीही घटतं, तर आधी गळती शोधा (प्रश्न ९), मग हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधलं सील (प्रश्न ११). हाच क्रम ठेवा. गॅस्केटपासून सुरुवात करणारा माणूस हजारो रुपये घालवून शेवटी एका क्लिपशी येऊन पोचतो.

४. मारुतीचा पंखा फिरतच नाही. मोटर जळली का?

बहुतेकदा मोटर चांगली असते. आधी फ्यूज पाहा. मग पंख्याच्या थर्मो स्विचचा (पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या स्विचचा) प्लग काढून त्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडा आणि चावी चालू करा (एकच वायर असेल तर ती इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा). पंखा फिरला तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग शाबूत, स्विच गेलेला. फिरला नाही तर बॅटरीतून मोटरला थेट करंट देऊन पाहा, त्यावर फिरली तर दोष मधल्या वायरिंगमध्ये किंवा रिलेत. हे करताना बोटं आणि शर्टाची बाही पात्यांपासून लांब ठेवा.

पंखा कायमचा थेट चावीवर जोडून देण्याची पद्धत गॅरेजमध्ये आहे. घरी पोचण्यापुरती ती ठीक. तशीच वर्षभर चालवली तर मोटर लवकर झिजते आणि पुढचा दोष कधी सुरू झाला हे कळत नाही.

५. पंखा जोरात फिरतो, तरी ट्रॅफिकमध्ये गरम होतेच. हे कसं?

नवी मोटर बसवल्यानंतर हे सुरू झालं असेल तर तिच्या वायरी उलट जोडल्या आहेत का ते आधी पाहा. मारुतीचा पंखा रेडिएटरच्या मागे बसतो आणि समोरची हवा आत ओढतो. वायरी उलटल्या की तो इंजिनाची गरम हवा पुढे ढकलतो. पंखा चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे, उडाला तर वायरी उलट करा.

दिशा बरोबर असेल तर टॉर्च हातात घ्या आणि एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत प्रकाश टाका. तिथे वर्षानुवर्षांचा चिखल, किडे, ऊसवाल्या रस्त्यांवरचा पाचोळा यांची गादी झालेली असते. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो म्हणून कुणी बघत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने पाणी मारा. जोराच्या धारेने रेडिएटरच्या पात्या वाकतात.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचं तंत्र वेगळं. तिथे पंखा वॉटर बॉडीच्याच शाफ्टवर असतो आणि बेल्टने फिरतो. बेल्ट सैल किंवा तेलकट असेल तर हवा आणि पाणी दोन्ही एकदम कमी होतात. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. बेल्टच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताण देऊन उपयोग नाही, नवाच घाला.

६. शहरात ठीक, पण हायवेवर आणि घाटात गरम होते. रेडिएटर बदलू का?

थांबा, आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, रेडिएटर आतून तुंबलाय का. गाडी पूर्ण गरम करून बंद करा, पंख्याचा प्लग काढा (तो बंद इंजिनावरही अचानक सुरू होऊ शकतो), आणि तळवा रेडिएटरच्या पात्यांच्या जवळून फिरवा. गरमी एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश कमी होत गेली पाहिजे. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही.

दुसरी, खालचा होज पाईप. न्यूट्रलमध्ये कुणालातरी रेस द्यायला सांगा. पाईप चपटा होत असेल तर वॉटर बॉडी ओढतेय पण रेडिएटर पाणी देत नाहीये, किंवा पाईपच आतून मऊ पडलाय.

तिसरी, वॉटर बॉडीची पाती. इंजिन गार असताना टोपण काढा, चालू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वाट बघा. तोंडाशी पाण्याची हालचाल दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पात्यांवर संशय घ्या. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पाती इतकी खाल्लेली निघतात, की बाहेरून बेअरिंग ठणठणीत आणि आत नुसता गोल तुकडा.

रेडिएटर तुंबलेलाच निघाला आणि तो तांब्या-पितळेचा असेल, तर चांगला कारागीर टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून तो साफ करून देतो. पद्मिनीचा मूळ रेडिएटर अशा कारागिराकडे न्या, भंगारात घालू नका. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र सरळ बदलावा.

७. “आपल्याकडे एवढी गरमी, थर्मोस्टॅट काढून टाका” असं मेकॅनिक म्हणतो. काढू का?

नाही. हा सल्ला इतका पसरलाय की जुनी ८०० घेतली तर दहा वेळा तपासा, थर्मोस्टॅट गायब असू शकतो.

त्याचं काम इंजिन लवकर तापवणं आणि ऐंशी अंशांच्या पुढे टिकवणं. तो नसला की सोलापुरात मे महिन्यात कदाचित काही जाणवणार नाही, पण पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी इंजिन अर्धा रस्ता गारच चालतं. चोक जास्त वेळ ओढावा लागतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ऑइलमध्ये गाळ साठतो आणि ॲव्हरेज पडतं.

याहून वाईट म्हणजे खरा दोष झाकला जातो. रेडिएटर चाळीस टक्के तुंबलेला असतो, थर्मोस्टॅट काढल्यावर दोन महिने बरं वाटतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा उकळते. तोवर काढायला काही उरलेलं नसतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

रस्त्यात तो अडकला आणि घरी पोचायचंय, तर काढून या. दुसऱ्या दिवशी नवा बसवा. रेडिएटर आणि हेडच्या मानाने तो फारच स्वस्त आहे.

८. थर्मोस्टॅट घरी कसा तपासू?

स्वयंपाकघरातून जुनं पातेलं मागून घ्या (परत देऊ नका). थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात असा लोंबकळवा की तळाला टेकणार नाही, आणि थर्मामीटर सोडा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि ८२ चा असेल तर ९५ पर्यंत, ८८ चा असेल तर १०० पर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. गार झाल्यावर पूर्ण मिटतो का तेही बघा. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट गाडी गरम करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. बसवताना त्याच्यावरची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा सुटते.

९. दर आठवड्याला पाणी घालावं लागतं, पण खाली एक थेंब दिसत नाही. जातं कुठे?

गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेत वाळतो. म्हणून थेंब नका शोधू, डाग शोधा : पांढरी खपली, हिरवट-नारिंगी रेघ, गंजाचा ओघळ.

क्लिपांपासून सुरुवात करा, आणि पहाटे, गाडी गार असताना. कित्येक होज पाईप गार असतानाच झिरपतात आणि गरम झाले की फुगून स्वतःच गळती बंद करतात. मग वॉटर बॉडीच्या पोटाखालचं बारीक भोक. तिथून ओघळ असेल तर आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवणारे लोक मी पाहिलेत. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं. त्यानंतर ब्लॉकच्या बाजूचे वॉटर प्लग : पत्र्याच्या वाट्यांसारख्या या झाकण्या आतून सडतात, आणि मागच्या बाजूचा प्लग आरशाशिवाय दिसत नाही.

गाडीच्या आत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि पायाखालचा गालिचा ओला, ही हीटरच्या गळतीची खूण.

आता मारुतीपुरतं एक, जे फार जण विसरतात. कार्ब्युरेटरखालच्या इनटेक मॅनिफोल्डमधूनही (हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या भागातूनही) गरम पाणी फिरतं. त्या जागचं गॅस्केट गेलं तर पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढलं जातं. धूर पांढरा, पाणी कमी, सगळी लक्षणं हेड गॅस्केटची. हेड उघडण्याआधी हे स्वस्त गॅस्केट तपासून घ्या.

१०. बाटली भरून वाहते, पण रेडिएटर रिकामा. बाटलीतलं पाणी परत का येत नाही?

रेडिएटरला बारीक नळीने जोडलेली ही जादा पाण्याची बाटली. रेडिएटरच्या टोपणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की पाणी बाटलीत सोडते. मधली छोटी झडप इंजिन गार होताना तेच पाणी परत ओढू देते. छोटी अडकली की पाणी एकमार्गी होतं. सकाळी वरचा होज पाईप आत ओढून चपटा झालेला दिसला तर हेच. बाटलीच्या बारीक नळीला चीर असेल तरी असं होतं, तेव्हा पाण्याऐवजी हवा ओढली जाते.

टोपणाचं रबर कडक झालं असेल तर नवं घ्या, पण जुन्यावर दाबाचा जो आकडा आहे तोच. ०.९ च्या जागी १.१ घातलं तर उकळणं थोडं लांबेल आणि तो जास्तीचा दाब सर्वांत जुन्या सांध्यातून बाहेर येईल. दाब कशाला लागतो, हे महाबळेश्वरला कळतं : १३५० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. सैल टोपणाची गाडी पोलादपुरात शांत असते आणि आंबेनळी घाट चढून आली की फसफसते, त्याला कारण ही उंचीसुद्धा.

११. हेड गॅस्केट गेलंय हे हेड न उघडता कसं ओळखू?

गार इंजिनाचं टोपण काढा, काठोकाठ भरा, चालू करा. सुरुवातीचे थोडे बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा. पण इंजिन गार असतानाच बुडबुडे थांबत नाहीत आणि रेस दिली की वाढतात, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. गार इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक होणं हीही त्याचीच खूण, कारण इतक्या लवकर दाब उष्णतेने येत नाही.

मग स्पार्क प्लग काढा. मारुतीच्या तिन्हींपैकी दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. कॉम्प्रेशन मोजा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांमध्ये फाटलंय. काही गॅरेजांत निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरवरची हवा त्यातून ओढली आणि द्रव पिवळा पडला, तर एक्झॉस्टचा गॅस पाण्यात आहे.

हेड काढायची वेळ आलीच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. सपाट पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) हेड तपासून घ्या. मारुतीच्या हेडला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही, त्यापुढे फेसिंग (यंत्रावर हेड सपाट करणं) करावंच लागतं. बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. आणि मुळात गाडी गरम का झाली ते शोधल्याशिवाय नवं गॅस्केट घालू नका. तुंबलेला रेडिएटर तेही फाडेल.

१२. ऑइलच्या टोपणाखाली पांढरी साय दिसते. गॅस्केट गेलंच ना?

पावसाळ्यात, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः कोकणात, नाही. इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ टोपणाखाली गार होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. टोपण पुसा, गाडी तासभर हायवेवर चालवा, पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, तर मात्र गाडी चालू करू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं काही मिनिटांत जातात. थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत ही साय बारा महिने दिसते (प्रश्न ७).

१३. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? पाणी चालत नाही का?

गोठू नये म्हणून नाही, गंजू नये म्हणून. मराठवाड्यातलं, विदर्भातलं बोअरचं पाणी घरातल्या गीझरचं जे करतं तेच रेडिएटरच्या नळ्यांचं करतं. त्यातून ॲल्युमिनियमचं हेड आणि इतर धातू एकाच पाण्यात असतात, मग एक धातू दुसऱ्याला खातो. कूलंटमधली रसायनं हे थांबवतात.

कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. आपल्या हवेत तीस टक्केही पुरतात, निम्मं-निम्मं केलं तर उकळण्याचा बिंदू आणखी वर जातो. तयार मिसळलेला कॅन असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंग घालते, म्हणून दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवा : ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री चाटतात.

वर्षानुवर्षं पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिल्यांदा कूलंट घातलं की गळती सुरू झाल्याच्या तक्रारी येतात. भोकं आधीपासूनच होती, गंजाने बुजलेली.

१४. पाणी बदलल्यापासूनच गाडी गरम होतेय. आधी नव्हती.

हवा अडकली आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाक चढाच्या बाजूला वर राहील अशी गाडी उभी करा, टोपण काढून गार इंजिन चालू करा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. मधूनमधून वरचा पाईप दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत राहा. काटा चढला आणि हीटरमधून गार हवा येतेय, तर हवा अजून आत आहे.

१५. काटा लाल पट्ट्यात जाऊन अचानक खाली आला. वाचलो का?

नाही, ताबडतोब थांबा. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो वाफेत लोंबकळतो आणि काटा पडतो. इंजिन टिकटिकायला लागलं, गाडी जड वाटली आणि काटा मात्र गार दाखवतोय, ही सर्वांत धोक्याची वेळ.

उलटही होतं : सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली की चावी फिरवताक्षणी काटा टोकाला जातो. पेट्रोलचा काटाही त्याच्यासोबत वरच दिसत असेल तर दोष मीटरच्या मागे आहे, इंजिनात नाही.

१६. ओम्नीच्या एलपीजी किटवर बर्फ धरतो आणि गाडी बंद पडते. याचा कूलिंगशी काय संबंध?

थेट संबंध आहे. द्रव एलपीजीचा गॅस होताना उष्णता शोषली जाते, ती देण्यासाठी व्हेपोरायझरमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. त्यावर दव किंवा बर्फ धरला, म्हणजे ते पाणी तिथे पोचत नाहीये : पातळी कमी, हवा अडकलेली, किंवा जोडणीची नळी तुंबलेली. सीएनजीच्या रेग्युलेटरलाही अशीच पाण्याची जोडणी असते. काटा अजून नॉर्मल असतो, म्हणून लोक गॅसवाल्याकडे जातात. आधी रेडिएटरचं टोपण उघडून पाणी बघा, गाडी गार असताना. किट बसवताना लावलेले टी-जोड आणि क्लिपा ही गळतीची नवी ठिकाणं, प्रश्न ९ शोधताना ती विसरू नका.

१७. सगळं नवं घातलं, गळती नाही, गॅस्केट चांगलं. तरी गरम होते!

मग उष्णता जास्त तयार होतेय. इग्निशन टायमिंग मागे पडलं की जळणं उशिरा होतं आणि उष्णता हेडमध्ये जाते. पॉइंटवाल्या पद्मिनीत गॅप बदलली की टायमिंगही हलतं. कार्ब्युरेटरचं जेट अर्धवट तुंबून मिश्रण पातळ झालं तरी तेच. दहा किलोमीटर चालवून चारही रिमांना हात लावून पाहा. एक चटका देत असेल तर ब्रेक चिकटलाय आणि इंजिन दिवसभर त्याच्याशी झगडतंय. माझ्या ८०० वर मी दोन महिने रेडिएटरच्या मागे लागलो होतो, आणि निघालं मागचं डाव्या बाजूचं चाक. घसरणारा क्लच आणि आतून कोसळलेला सायलेन्सरही असंच करतात.

१८. जुनी ८०० बघायला जातोय. कूलिंग कसं तपासू?

आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. टोपण स्वतः काढा : आत लाल गढूळ पाणी की कूलंट, तेलाचा तवंग आहे का. थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट नवे चकचकीत आणि बाकी सगळं जुनं असेल तर तो आत आहे का हे विचारा. चालू करून, एसी लावून, उभ्या गाडीत वीस मिनिटं बसा. पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे आणि आपोआप बंदही झाला पाहिजे. विकणारा घाई करत असेल तरी वीस मिनिटं पूर्ण होऊ द्या.